पाण्याच्या वाटेने जाणारा गंज : १९६८ च्या मस्टँगचा मागचा पत्रा बदलण्याची रीत

गंजलेला पत्रा कापायला घेण्याआधी गाडीवर पाणी ओतून पाहावे. डेंटिंगच्या कामाची सुरुवात ग्राइंडरने न करता बागेतल्या नळीने करायची, हे ऐकायला विचित्र वाटते. परंतु साठीला आलेल्या गाडीत गंज जिथे दिसतो तिथे तो बहुधा जन्मलेला नसतो. पाणी वरून कुठून तरी आत शिरते, शिवणींमधून झिरपत खाली उतरते, माती साचलेल्या कोपऱ्यात थांबते आणि तिथला पत्रा आतून बाहेर खात येते. रंगाला फोड आलेला ज्या दिवशी दिसतो, त्या दिवशी आतला पत्रा अर्धाअधिक संपलेला असतो. पाण्याची ती वाट बंद न करता केवळ खालचा कुजका तुकडा बदलला, तर नवा पत्राही काही वर्षांत त्याच जागी कुजतो.

येथे उदाहरणासाठी १९६८ ची फोर्ड मस्टँग कूपे घेतली आहे आणि तिचा दाराच्या मागच्या कडेपासून मागच्या दिव्यापर्यंत जाणारा, चाकावरचा मोठा पत्रा बदलण्याचे काम सांगितले आहे. अमेरिकेत या पत्र्याला सगळे क्वार्टर पॅनेल म्हणतात आणि येथेही तोच शब्द वापरला आहे. मस्टँगला मसल कार (मोठ्या ताकदीच्या इंजिनाची गाडी) म्हणावे की पोनी कार (आटोपशीर, स्पोर्टी गाडी), हा वाद जुना आहे. १९६८ मध्ये तिच्यात ३९० घनइंचांचे इंजिन मिळत असे आणि त्याच वर्षी ४२८ घनइंचांचे कोब्रा जेटही आले, त्यामुळे ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी खुशाल घालावा. गंज दोन्ही जातींना सारखाच लागतो.

मस्टँग निवडण्याचे खरे कारण तिच्या बांधणीत आहे. शेव्हरोलेच्या शेव्हेलसारख्या गाडीला खाली स्वतंत्र चौकट असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असते. मस्टँगमध्ये अशी चौकट नाही. तळ, दाराखालचे रॉकर, पुढचे-मागचे रेल आणि त्यांना जोडणाऱ्या टॉर्क बॉक्स नावाच्या पेट्या हे सगळे पत्र्याचेच भाग एकमेकांना स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिपक्याठिपक्यांच्या वेल्डिंगने, जोडून गाडीचा सांगाडा तयार होतो. म्हणून येथे पत्रा बदलणे हे नुसते सौंदर्याचे काम नाही. चुकीच्या क्रमाने कापाकापी केली, तर गाडी आपल्याच वजनाने वाकते आणि दार पुन्हा कधीही नीट लागत नाही.

मिशिगन आणि ओहायोसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पसरतात, त्यामुळे तिकडच्या गाड्यांची अवस्था कॅलिफोर्निया किंवा अॅरिझोनातल्या गाड्यांपेक्षा फार वाईट असते. खरेदी करताना काही जण कारखान्याने गाडीवर ठोकलेल्या ओळख-क्रमांकातले दुसऱ्या जागेवरचे अक्षर पाहून निश्चिंत होतात: एफ म्हणजे मिशिगनमधले डिअरबॉर्न, आर म्हणजे कॅलिफोर्नियातले सॅन होजे, टी म्हणजे न्यू जर्सीतले मेटूचेन. ते अक्षर गाडी कुठे बनली एवढेच सांगते, ती कुठे नांदली ते सांगत नाही. सॅन होजेत जन्मलेली गाडी तीस हिवाळे ओहायोतल्या क्लीव्हलँडमध्ये काढून आलेली असू शकते.

पाण्याची परीक्षा

पहिली परीक्षा पुढच्या काचेच्या तळाशी करावी. बॉनेट आणि काच यांच्यामध्ये हवा आत घेणाऱ्या जाळीच्या फटी आहेत. त्या फटींखाली काउल नावाची, दोन पत्र्यांची बंद पोकळी आहे. पावसाचे पाणी तिच्यात पडते आणि दोन्ही टोकांनी बाहेर वाहून जाते. गाडीच्या आत हवा नेणाऱ्या वाटांभोवती या पोकळीत पत्र्याच्या उभ्या गोल कडा असतात. सडलेली पाने साचून त्या कडांच्या बुडाशी गंज लागला की पाणी बाहेर जाण्याऐवजी थेट पायाखालच्या गालिच्यात उतरते. एका माणसाने टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आडवे पडावे आणि दुसऱ्याने फटींमध्ये पाच-दहा मिनिटे संथपणे पाणी सोडावे. थेंब दिसला, तर तळाचा पत्रा बदलण्याआधी काउल उघडावेच लागेल. ते काम मोठे आहे, कारण त्यासाठी पुढची मडगार्डे आणि काच काढून शंभराहून अधिक स्पॉट सोडवावे लागतात. त्याची रीत येथे देत नाही, पण ते टाळून तळ बदलणाऱ्याचे श्रम वाया जातात, एवढे सांगणे आवश्यक आहे.

दुसरी परीक्षा मागच्या भागाची आहे आणि आपल्या क्वार्टर पॅनेलशी तिचा थेट संबंध आहे. डिकीतले सर्व सामान, चटया आणि पुठ्ठे काढून टाकावेत, तळावर टाल्कम पावडर भुरभुरावी, डिकी बंद करावी आणि प्रथम मागच्या काचेच्या भोवती, मग डिकीच्या झाकणाच्या कडेने, शेवटी मागच्या दिव्यांवर पाणी सोडावे. प्रत्येक वेळी झाकण उघडून पावडरीवर उमटलेले ओघळ पाहावेत. मागच्या काचेच्या पन्हळीत गंजाने सुईएवढी भोके पडलेली असतात आणि काचेभोवतीच्या चकचकीत पट्टीमुळे ती बाहेरून दिसत नाहीत. तिथून शिरलेले पाणी डिकीच्या तळाच्या दोन्ही बाजूंना, तळ आणि क्वार्टर पॅनेल यांच्यामधल्या खोलगट खिशात जमते. या खिशाला कारागीर ड्रॉप-ऑफ म्हणतात. क्वार्टर पॅनेलचा चाकामागचा खालचा भाग प्रथम सडतो, तो याच खिशामुळे. चाकापुढचा भाग मात्र वेगळ्या कारणाने सडतो: बाजूच्या काचेच्या झिजलेल्या फेल्टमधून पाणी पत्र्याच्या आत उतरते आणि रॉकरची निचऱ्याची भोके मातीने बुजलेली असल्यामुळे तिथेच मुरते.

ज्या छतावर व्हायनिलचे आच्छादन आहे, त्या छताखाली काय दडले आहे ते आच्छादन सोलल्याशिवाय कळत नाही. अंदाज बांधू नये, सोलावे.

किती कापायचे ते ठरवणे

बाहेरचा रंग पाहून निर्णय घेऊ नये. फडक्यात गुंडाळलेले साधे लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जिथे ते पकड सोडते, तिथे खाली लांबीचा, म्हणजे खळगे बुजवायच्या पुट्टीचा, जाड थर असतो. मग टोच्याने किंवा जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने शिवणींच्या कडेने दाबत जावे. चांगला पत्रा खणखणीत आवाज देतो, सडलेला पत्रा ओल्या पुठ्ठ्यासारखा दबतो. माझ्या स्वतःच्या गाडीत आधीच्या मालकाने सडलेल्या भागावर रिबिट मारून दुसरा पत्रा ठोकला होता आणि त्यावर बोटभर जाडीची लांबी भरून ती इतकी सफाईने घासली होती की उन्हातही शंका येऊ नये. चुंबक नसते, तर मी ती गाडी दुप्पट किमतीला घेतली असती.

नवा पत्रा तीन प्रकारांत मिळतो. पहिला प्रकार म्हणजे चाकाच्या पुढचा किंवा मागचा केवळ खालचा तुकडा. दुसऱ्याला स्किन म्हणतात. त्यात बाहेरचा दिसणारा भाग बहुतांश असतो, पण दाराची चौकट आणि डिकीची पन्हळ नसते. तिसरा प्रकार संपूर्ण क्वार्टर पॅनेलचा. तो छताच्या शिवणीपर्यंत जातो आणि कारखान्यात जिथे जोड होते तिथेच त्याचे जोड येतात. गंज खालच्या वीतभर भागातच असेल तर तुकडा पुरतो. त्याहून वर गेला असेल तर स्किनच्या मोहात पडण्याआधी विचार करावा. स्किन स्वस्त असते, परंतु तिचा लांबलचक जोड सपाट पत्र्याच्या मध्यावर येतो, आणि सपाट पत्रा उष्णतेने जितका नाचतो तितका दुसरा कुठलाही नाचत नाही. संपूर्ण पॅनेलला स्पॉट सोडवण्याचे कष्ट जास्त पडतात, पण ते कष्ट संयमाचे आहेत, कौशल्याचे नाहीत. म्हणून प्रथमच हे काम करणाऱ्याने संपूर्ण पॅनेल घ्यावे असे माझे मत आहे, जरी अनेक जाणकार याच्या नेमके उलट सांगतात.

मागवताना वर्ष आणि बॉडीचा प्रकार दोन्ही अचूक सांगावे. १९६७ आणि १९६८ च्या गाड्या लांबून सारख्या दिसतात; मात्र १९६८ च्या नव्या सुरक्षा नियमांमुळे मागच्या बाजूंवर परावर्तक आले आणि दारामागची शोभेची रचनाही बदलली, त्यामुळे दोन्ही वर्षांचे पत्रे वेगळे आहेत. कूपे, सलग उतरत्या छताची फास्टबॅक आणि उघडणाऱ्या छताची कन्व्हर्टिबल यांचे पत्रे तर एकमेकांना लागतच नाहीत. पत्रा घरी आला की त्यावरचा काळा थर थिनरच्या फडक्याने पुसून पाहावा. तो विरघळत असेल, तर तो केवळ वाहतुकीपुरता लावलेला असतो आणि खरवडून काढावा लागतो. विरघळत नसेल, तर त्यावर घासून प्रायमर मारता येतो.

एक कायदेशीर गोष्टही लक्षात ठेवावी. या गाडीचा ओळख-क्रमांक इंजिनाच्या कप्प्यात डाव्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. क्वार्टर पॅनेलच्या कामात तिकडे हात जात नाही, पण पुढचाही गंज काढायचा झाला, तर तो तुकडा कापण्याआधी राज्याच्या वाहन खात्याशी बोलावे, कारण असा क्रमांक काढणे किंवा बदलणे हा अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरू शकतो.

आगीची तयारी

बॅटरी काढावी आणि त्यानंतर पेट्रोलची टाकी काढावी. या गाडीत टाकीचा वरचा पृष्ठभाग हाच डिकीच्या तळाचा भाग आहे. म्हणजे डिकीत उडालेली ठिणगी थेट टाकीवर पडते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ असते. ती गॅरेजच्या बाहेर न्यावी. मागचे आसन, गालिचे, तारांचे जाळे आणि बाजूच्या काचा काढाव्यात. पत्र्याच्या आत आवाज कमी करण्यासाठी चिकटवलेले डांबरी थर जोडाच्या दोन्ही बाजूंनी खरवडावेत; ते आधी धुमसतात आणि आपण चहाला गेल्यावर पेट घेतात. अग्निशामक हाताशी ठेवावा आणि वेल्डिंगचा शेवटचा टाका मारल्यानंतर किमान अर्धा तास गाडी सोडून जाऊ नये.

दोन विषारी गोष्टींविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतात आणि त्यांचा अंश पत्र्यावर राहिला असताना वेल्डिंग केल्यास फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होतो. पत्रा पुसण्यासाठी असा डबा वापरूच नये. दुसरी गोष्ट शिशाची. कूपेचे छत आणि क्वार्टर पॅनेल यांचा जोड कारखान्यात शिशाच्या डाखाने भरून गुळगुळीत केलेला आहे आणि त्या काळच्या रंगातही शिसे असू शकते. तो जोड कोरडा घासू नये. त्याची धूळ कपड्यांवरून घरात आणि मुलांपर्यंत जाते.

आधार आणि मापे

कापण्याच्या आधीचा दिवस केवळ मापांसाठी ठेवावा. गाडी सपाट जमिनीवर उभी करून तिचे वजन चाकांवर किंवा मागच्या अॅक्सलखाली आणि पुढच्या सस्पेन्शनखाली घेतलेल्या स्टँडवर ठेवावे. मधल्या तळाखाली जॅक लावून गाडी उचलली, तर दोन्ही टोके खाली झुकतात आणि त्या झुकलेल्या अवस्थेत आपण नवा पत्रा कायमचा जोडून बसतो.

दाराची बिजागरी झिजली असेल, तर तिची पिन आणि बुश आधी बदलावेत. लोंबणारे दार खोटी फट दाखवते आणि त्या फटीला प्रमाण मानून बसवलेले पॅनेल, पुढे बिजागरी दुरुस्त झाल्यावर चुकलेले ठरते. दार नीट बसल्यावर त्याच्या मागच्या कडेची फट वर, मध्ये आणि खाली मोजून पत्र्यावरच मार्करने लिहावी. चार ते पाच मिलिमीटर फट सगळीकडे सारखी असेल तर उत्तम. कारखान्यातून निघालेल्या गाड्याही इतक्या नेटक्या नव्हत्या. मग डिकीच्या तोंडाचे दोन्ही कर्ण, दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण, तसेच चाकाच्या कमानीच्या माथ्यापासून रॉकरपर्यंतचे अंतर मोजावे. चांगल्या बाजूची हीच मापे घेऊन ठेवावीत. फोटो शंभर काढले तरी कमीच पडतात. विशेषतः स्पॉट वेल्डच्या ओळींचे जवळून काढावेत, कारण नव्या जोडात तेच अंतर राखायचे आहे.

रॉकर किंवा टॉर्क बॉक्सही सडलेले असतील, तर क्वार्टर पॅनेलला हात लावण्याआधी ते बदलावेत. सांगाडा आधी, कातडी शेवटी, हा क्रम मोडू नये. रॉकर कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत पंचवीस मिलिमीटरच्या चौकोनी नळ्या फुलीसारख्या वेल्ड कराव्यात. पण त्या थोड्या आतल्या बाजूला बसवाव्यात, म्हणजे त्या जागेवर असतानाही दार लावून फट तपासता येते. पुष्कळ लोक नळ्या चौकटीच्या तोंडाशीच ठोकतात आणि मग दार लावता येत नाही म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर काम करतात. कन्व्हर्टिबलमध्ये छताचा आधार नसल्याने या नळ्यांशिवाय एकही चीर देऊ नये.

कापणी

पहिली चीर मुद्दाम आत द्यावी. सर्व शिवणींपासून सुमारे पन्नास मिलिमीटर आत रेषा आखून पॅनेलचा मधला भाग कापून काढला की चित्राच्या चौकटीसारखी एक पट्टी गाडीवर उरते. पत्र्याचा ताण गेलेला असतो, आतले भाग उजेडात येतात आणि उरलेल्या पट्टीचे स्पॉट निवांतपणे सोडवता येतात. काढलेला जुना पत्रा रंगकाम संपेपर्यंत फेकू नये. एखादे भोक नेमके कुठे होते, हे तोच सांगतो.

स्पॉट शोधण्यासाठी शिवणीवरचा रंग तारेच्या ब्रशाने काढावा. गोल खळगे दिसू लागतात. प्रत्येकाच्या मध्यभागी पोगराने (टोकदार पंचाने) खूण करावी आणि आठ ते दहा मिलिमीटरच्या स्पॉट-कटरने केवळ वरचा थर कापावा. आवाज बदलला आणि बारीक गंजाची भुकटी वर आली की थांबावे. खालचा थर आपल्याला परत वापरायचा आहे. मग पातळ छिन्नी शिवणीत घालून हलक्या हाताने पट्टी सुटी करावी. जी जागा सुटत नाही तिथे जोर लावू नये, कारण तिथे एखादा स्पॉट नजरेतून निसटलेला असतो.

छताजवळचा शिशाचा जोड सर्वांत शेवटी उघडावा. दारे-खिडक्या उघडून, पी-१०० दर्जाचे फिल्टर असलेला मास्क लावून, मंद ज्योत जोडावरून फिरवत राहावी. डाख सुमारे १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतो. तेव्हा तो तारेच्या ब्रशाने खाली ठेवलेल्या ट्रेमध्ये ओढून घ्यावा. पत्रा निळा पडेपर्यंत तापवू नये, तेवढ्याने छत वाकते. ट्रेमधले शिसे कचऱ्यात न टाकता घातक कचरा घेणाऱ्या स्थानिक केंद्रावर द्यावे.

उघड्या पोटातले काम

जुना पत्रा निघाला की घाई होते, कारण नवा पत्रा भिंतीला टेकलेला समोर दिसत असतो. ही घाई आवरावी. चाकाचे बाहेरचे घर, ड्रॉप-ऑफचे खिसे आणि मागच्या काचेची पन्हळ यांपर्यंत हात असा मोकळा पुन्हा कधीही पोहोचणार नाही. चाकाच्या घराची कड आणि बाहेरच्या कमानीची कड एकमेकींवर दाबून जोडलेल्या असतात आणि त्या जोडात चिखल शिरत असतो. आतली कड चाळणीसारखी झाली असेल, तर तिच्यावर नवा पत्रा टाकणे म्हणजे पोकळ भिंतीला गिलावा करणे होय. सडलेले भाग बदलावेत, उरलेला गंज तारेच्या ब्रशाने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढावा, शिवणींच्या खाचांत फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण वापरून ते नीट धुऊन वाळवावे आणि सर्वत्र इपॉक्सी प्रायमरचे दोन हात मारावेत. ज्या कडा वेल्ड व्हायच्या आहेत, त्यांवर मात्र ज्याच्यावरून वेल्ड करता येतो असा जस्तयुक्त वेल्ड-थ्रू प्रायमर पातळसा मारावा. जस्ताचा धूर छातीत गेल्यास रात्री हुडहुडी भरून ताप येतो, म्हणून वेल्डिंगच्या वेळीही मास्क काढू नये.

पाण्याच्या परीक्षेत सापडलेली मागच्या काचेची भोके याच टप्प्यावर बुजवावीत.

बसवून पाहणे, पुन्हा बसवून पाहणे

नवा पत्रा कधीही पहिल्या फटक्यात बसत नाही. आजचे साचे चांगले आहेत, तरीही कडा दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे असतातच, आणि गाडीही सरळ राहिलेली नसते. पत्रा जागेवर ठेवून प्रथम दाराच्या कडेशी जुळवावा, कारण सगळ्यांची नजर तिथेच जाते. मग बॉडीवरची आडवी रेषा दारावरच्या रेषेशी सलग येते का ते पाहावे. त्यानंतर डिकीचे झाकण, मागच्या दिव्यांचा पत्रा, कोपऱ्यावरचा जोडपत्रा आणि शेवटी बंपर लावून पाहावा. बंपर लावून पाहण्याचा कंटाळा करणारे पुष्कळ असतात आणि रंगकाम झाल्यावर तोच एका बाजूने बोटभर बाहेर आलेला दिसतो. पकडींनी आणि पत्र्याच्या बारीक स्क्रूंनी पॅनेल धरून ठेवावे, मापे पूर्वीच्या नोंदींशी ताडावीत, काढावे, कानशीने कड घासावी, परत लावावे. असे आठ-दहा वेळा करावे लागले, तर काही बिघडले आहे असे समजू नये. माझ्या अंदाजाने एकूण वेळेपैकी निम्मा वेळ येथेच जायला हवा.

डिकीचे नवे रबर बसवूनही एकदा झाकण लावून पाहावे. नवे रबर कडक असते आणि झाकण वर उचलून धरते. ते गृहीत न धरता जुळवलेली पातळी नंतर बिघडते.

जोडकाम

कडांवरच्या जोडांसाठी नव्या पत्र्याच्या कडेला आठ मिलिमीटरची भोके जुन्या स्पॉटच्याच अंतरावर पाडावीत आणि ती मिग वेल्डरने (तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या वेल्डरने) भरावीत. ०.६ मिलिमीटरची तार, तसेच ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड असे वायूचे मिश्रण या सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यासाठी योग्य आहे. वायूशिवाय चालणारी फ्लक्सची तार या कामाला घेऊ नये. ती पातळ पत्र्यात भोके पाडते. प्रत्यक्ष गाडीवर जाण्याआधी कापलेल्या जुन्या पत्र्याचे दोन तुकडे जोडून ते पकडीने उलटे सोलून पाहावेत. जोड खरा असेल तर एका तुकड्याला भोक पडून धातूचा गोळा दुसऱ्याला चिकटलेला राहतो. नुसता सुटून आला, तर खालच्या थराला धग पोहोचलेली नाही.

ज्यांनी तुकडा किंवा स्किन घेतली आहे, त्यांना पत्र्याच्या मध्ये समोरासमोर जोड करावा लागेल. नवा पत्रा जुन्यावर चढवून, पक्का धरून, एक मिलिमीटरच्या कटिंग चकतीने दोन्ही थर एकदम कापावेत. मधली फट आपोआप सारखी येते. जोडाची रेषा शक्य तितकी बॉडीच्या घडीजवळ किंवा गोलाईवर ठेवावी, कारण तिथे पत्रा ताठ असतो. एकावर एक चढवून केलेला जोड सोपा असतो, पण दोन थरांच्या मध्ये पाणी धरून ठेवतो आणि उन्हात रंगावर त्याची सावली उमटते. दिसणाऱ्या भागात मी तो करत नाही.

टाके पंचवीस-तीस मिलिमीटर अंतरावर मारावेत, आणि तेही लागोपाठ नव्हे. एक टाका एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला, तिसरा मध्ये, अशा रीतीने फिरत राहावे आणि हात लावता येईल इतका पत्रा आपोआप निवेपर्यंत त्या जागी परतू नये. ओले फडके लावून निववण्याची सवय काहींना असते, तीही सोडावी. वेल्ड थंड होताना आक्रसतो आणि आजूबाजूचा पत्रा आत ओढतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर टाका ग्राइंडरने थोडा खाली आणून, मागे हातऐरण धरून, त्यावरच हातोडीचे हलके ठोके द्यावेत. ठोक्याने धातू पसरतो आणि आक्रसलेला पत्रा मूळ मापावर येतो. पोचा टाक्याच्या आजूबाजूला दिसतो म्हणून ठोके तिथे दिले, तर पत्रा अधिकच ताणला जातो आणि बोटाने दाबल्यावर डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजू लागतो. ते दुखणे काढायला मूळ कामाहून जास्त वेळ लागतो.

सर्व टाके एकमेकांना भिडले की दार उघडून-लावून पाहावे आणि मगच चौकटीतल्या नळ्या कापाव्यात. नळ्या कापल्यावर फट बदलली, तर आधार कुठेतरी चुकला आहे. अशा वेळी थांबून गाडीची पातळी पुन्हा तपासावी; बिजागरीवर जोर काढू नये.

लांबी, सीलर आणि मेण

वेल्ड सपाट घासताना मूळ पत्रा पातळ होणार नाही याकडे लक्ष द्यावे. छताच्या शिवणीसाठी बिनशिशाचा डाख वापरता येतो. मात्र त्याच्या आम्लयुक्त फ्लक्सचा अंश खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पूर्ण धुवावा, नाहीतर महिन्याभरात रंगाखाली फोड येतात. डाख जमत नसेल, तर तिथे इपॉक्सीचा मजबूत फिलर चालतो. साधी पॉलिस्टर लांबी त्या हलत्या जोडावर टिकत नाही. उघड्या धातूवर आधी इपॉक्सी प्रायमर मारावा आणि त्याच्यावर लांबी लावावी. लांबी तीन मिलिमीटरपेक्षा जाड लागत असेल, तर तिथे हातोडीचे काम बाकी आहे असे समजावे. लांब ठोकळ्याने तिरकस घासत ८०, १८० आणि ३२० क्रमांकाच्या कागदांपर्यंत यावे. मध्ये काळ्या पावडरीचा हलका हात फिरवला की खळगे स्वतःच दिसतात.

सीलर, म्हणजे सांधे बुजवणारा लेप, सर्व शिवणींवर प्रायमरनंतरच लावावा: डिकीच्या आत, चाकाच्या घराच्या कडेने आणि मागच्या काचेच्या पन्हळीत. तो वाळला की रंगाच्या आधी पावडर आणि नळी पुन्हा बाहेर काढावी आणि पहिल्या दिवशीची परीक्षा तशीच पुन्हा करावी. ओघळ उमटला तर आत्ताच उमटू द्यावा. रंगावरून सीलर भरणे कुणालाही शोभत नाही.

बंद पोकळ्यांमध्ये भरायचे मेण रंगकाम संपल्यावरच वापरावे, कारण त्याचा अंश पत्र्यावर उडाला तर रंग धरत नाही. लांब नळीच्या फवाऱ्याने ते रॉकरच्या आत, ड्रॉप-ऑफमध्ये आणि क्वार्टर पॅनेलच्या खालच्या ओठात, शिवणीतून पाझरताना दिसेपर्यंत भरावे. दुसऱ्या दिवशी एक तार घेऊन रॉकरच्या आणि खिशांच्या तळाची निचऱ्याची भोके एकेक करून मोकळी करावीत. मेण गोठून ती नेमकी बुजलेली असतात.